खोक्यावरचा जनरल

मंगळवार, ता. ६

प्रिय ताई,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. आम्ही दोघं ठीक. तुम्हीही ठीक असाल असं धरून चालतो, भावोजींचा खोकला सोडून. त्यांना म्हणावं, पंपघरात मफलर गुंडाळून बसत जा, तिथे कोण तुमचा फोटो काढायला येणार आहे? तुझ्या वहिनीचा दात अखेर काढला. दोन दिवस घरात इतकी शांतता होती की मलाच चुकल्यासारखं झालं.

कचेरीत शाईची बोंब आहे. एका बाटलीत पाणी घालून घालून मी तिला तीन आठवडे पुरवतोय. त्यामुळे हल्ली माझे सगळे मंत्री फिकट उमटतात. संपादक म्हणतात, असू दे, मूळचेच तसे आहेत.

तू एकच प्रश्न पत्रात तीनदा विचारलास. एकदा सुरुवातीला, एकदा मधे, आणि शेवटी जागा उरली नाही म्हणून समासात आडवा. टिल्लूला जनरलसाहेबांच्या ताफ्यातून काढून एकदम पुलावरच्या तुकडीत का पाठवलं? त्याच्या हातून काही चुकलं का? मला इथे बसून काही कळतं का?

ताई, वर्तमानपत्रात काम करणाऱ्याला सगळं कळतं हा लोकांचा गैरसमज आहे. आम्हाला छापून येईल तेवढंच कळतं. लष्करात बदल्या होतच असतात. आज इथे, उद्या तिथे. त्याच्या हातून काही चुकलं असेल असं मला वाटत नाही. ते तू मनातून काढून टाक. भावोजींच्या जुन्या साहेबांचे उंबरे चार महिने झिजवून तू त्याला त्या ताफ्यात चिकटवलंस, ते फुकट गेलं म्हणून तुझा जीव तळमळतो, हे समजतं मला. पण पुलावर सध्या तसं काही चाललेलं नाही असं इथे म्हणतात.

बरं, एक विचारू? ताफ्यात आपलं काम नेमकं काय, ते टिल्लूने तुला कधी लिहिलं होतं का? सहज विचारतो.

आणि ते माझं जनरलसाहेबांचं चित्र. तू कापून शिवणखात्यातल्या बायकांना दाखवलंस, मग काजं करायच्या टेबलासमोर भिंतीवर लावलंस, असं मागे लिहिलं होतंस. ते काढून टाक. जुनं झालं आता. वर्तमानपत्रातलं चित्र म्हणजे एका दिवसाचा पाहुणा, त्याला इतके दिवस कशाला ठेवायचं. फाडलंस तरी मला राग नाही. खरं म्हणजे फाडच.

टपाल उघडून वाचतात म्हणून जास्त लिहीत नाही. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा


बुधवार, ता. १४

ताई,

हे पत्र टपालाने पाठवत नाही. आमच्या छापखान्यातले ब्लॉकवाले लेकीकडे निघालेत, त्यांची गाडी तुमच्या स्टेशनावर अर्धा तास थांबते. तीस वर्षं माझी चित्रं जस्तावर उतरवणारा माणूस आहे, विश्वासाचा आहे. घरी येऊन तुझ्याच हातात देतील. एकटी असताना वाच. भावोजींना मागाहून सांग, की सांगू नकोस, तुझं तू बघ.

मागच्या पत्रात मी टपालाच्या तपासणीची सबब सांगितली. खरं कारण ते नव्हतं. मी तुला घाबरलो होतो. आणि चित्र फाड म्हणून लिहून बसलो, तेव्हाच तुला काहीतरी वास आला असणार. खाई त्याला खवखवे.

टिल्लूचं काम खोका उचलण्याचं होतं.

माझा मुलगा जनरलसाहेबांच्या बरोबर असतो, असं तू सगळ्यांना सांगत होतीस. असायचाच. साहेब बुटके आहेत, ताई. माझ्याएवढे, कदाचित अर्धा इंच कमीच. तरी छापलेल्या फोटोत बघ, शेजारच्या सगळ्या अधिकाऱ्यांपेक्षा त्यांचीच टोपी वर. कारण पायाखाली हिरवा रंग दिलेला लाकडी खोका असतो, एका बाजूला धरायला दोरीचा कान. फोटो काढतात कमरेपासून वर. टिल्लूने तो खोका घोंगडीत गुंडाळून बगलेत न्यायचा, फोटोवाल्याने मान हलवली की ठेवायचा, साहेब चढले की दोन पावलं मागे सरून वाकायचं. आपला टिल्लू नावाचाच टिल्लू. सहा फुटांचा गडी मागे सरळ उभा दिसला तर खोक्याचा उपयोग काय?

मागे त्यांचा ताफा आमच्या शहरातून गेला, तेव्हा तो दोन तासांसाठी घरी आला होता. भर दुपारी, सगळं जेवण संपवून, त्याने आम्हाला ते करून दाखवलं. तुझी वहिनी जनरल झाली, स्वयंपाकघरातलं स्टूल खोका झालं, मी फोटोवाला. हसून हसून पुरेवाट. ती स्टुलावरून पडता पडता वाचली. मग निघताना बूट बांधत म्हणाला, "मामा, आईला सांगू नकोस हं. ती चारचौघींत सांगते की मी साहेबांच्या बरोबर असतो. खरंच आहे ते, फक्त जरा खालच्या अंगाला."

मी शब्द दिला. तुला सांगितलं नाही हे खरं. पण सगळ्या देशाला सांगितलं.

मुद्दाम नाही केलं. आमचं काम कसं चालतं ते तुला माहीत आहे. दोन वाजता चित्र तपासणी खात्यात जावं लागतं. त्या दिवशी पाऊण वाजला तरी माझा कागद कोरा होता. आदल्या दिवशी आपलं सैन्य टेकड्या सोडून मागे आलेलं, आणि साहेब रेडिओवर म्हणाले होते, आम्ही मागे हटलो नाही, पुढचं नीट दिसावं म्हणून उंच जागा धरली आहे. संपादक दर पाच मिनिटांनी दारात येऊन घसा खाकरत होते. आणि माझ्या डोळ्यांसमोर एकदम ते स्टूल आलं. वीस मिनिटांत चित्र झालं. मागे सैन्य धूम पळतंय, आणि साहेब खोक्यावर चढून दुर्बिणीने भलतीकडेच बघताहेत. खाली त्यांचंच वाक्य: उंच जागा धरली आहे. वाकलेला शिपाई काढायचा मोह आवरला, एवढी अक्कल शिल्लक होती. पण दोरीचा कान काढला. त्याच्याशिवाय तो खोका खोका वाटेना.

तपासणी खात्यातले गृहस्थ पूर्वी शाळेत भूमिती शिकवायचे. जागेचं नाव नको, तोफांची संख्या नको, एवढंच बघतात. चित्र बघून खुदकन हसले. खोका म्हणजे पोकळ मोठेपणा, छान कल्पना आहे, म्हणाले आणि शिक्का मारला. सगळ्यांनी ते कल्पना म्हणूनच पाहिलं. पोरं रस्त्यात डब्यांवर उभी राहून भाषणं ठोकायला लागली. तूही तुझ्या मैत्रिणींना दाखवून हसलीस. ते खरं आहे हे ओळखणारे, आम्ही दोघं सोडून, वाचक फक्त चौघे होते. साहेब, त्यांचा कॅप्टन, फोटोवाला आणि टिल्लू.

आता पुढचं लिहितो. इथे लेखणी थांबवून मी दोनदा उठलो, पाणी पिऊन आलो.

चौथ्या दिवशी तो कॅप्टन आमच्या घरी आला. एकटा, साध्या कपड्यांत, फार नम्र. म्हणाला, साहेबांना चित्र आवडलंय, मूळ चित्र सहीनिशी पाहिजे, दिवाणखान्यात लावणार आहेत. ताई, मला शंका यायला हवी होती. पण मोठे लोक आपली थट्टा मागून नेतात, हे मी ऐकून होतो. तीस वर्षांत माझं चित्र कुणी मागितलं नव्हतं. मी उठून चांगला टाक शोधला आणि सही केली. तुझ्या वहिनीने चहा केला. त्याने माझ्या जुन्या चित्रांची नावं घेतली, मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि मी चढलो. मग अगदी सहज म्हणाला, खोका ठीक आहे हो, तो कुणालाही सुचेल, पण दोरीचा कान कसा सुचला तुम्हाला?

कल्पना, एवढा एक शब्द पुरला असता. सुचला आपला, म्हणून हसलो असतो तरी भागलं असतं. पण मला तो माझा अपमान वाटला. मनाला येईल ते काढणारे चित्रकार पोत्याने मिळतात, आणि मला तर जन्मभर अभिमान कसला, की मी नीट बघतो. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, "कॅप्टनसाहेब, मी मनाचं काही काढत नाही. जे असतं तेच काढतो."

त्याने कप खाली ठेवला. चित्राची गुंडाळी केली. दारात बूट घालताना म्हणाला, "तुमचा भाचा आमच्याकडेच असतो, नाही का?"

जिना उतरून तो रस्त्यावर गेला तरी मी दारातच उभा. तुझ्या वहिनीने अर्धा उरलेला कप उचलला आणि विचारलं, "अहो, तुम्ही काय सांगितलंत त्याला?" मी म्हटलं, काही नाही. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. टिल्लू जेवायला आला की त्याच्या ताटात वाढता वाढता तिला भान राहत नाही, ते तुला माहीत आहे. आम्हाला तरी दुसरं कोण आहे?

त्यानंतर आठव्या दिवशी टिल्लूची बदली झाली. चित्र पाहून त्यांना संशय आला असेल, पण बुटक्या माणसाला कशावर तरी उभं करायचं हे आमच्या धंद्यात जुनंच आहे, ते तसंच सुटलं असतं. कॅप्टन खात्री करायला आला होता. ती मी बसल्या जागी करून दिली, वर सही ठोकून.

काल मी त्याच्या कचेरीत गेलो. तीन तास बाकावर बसवलं. आत गेल्यावर मी सांगितलं, तो खोका माझ्या मनातला, भाच्याने मला कधी काही सांगितलं नाही, त्या दिवशी मी फुशारकी मारली. तो म्हणाला, मग खोटं त्या दिवशी बोललात की आज बोलताय? मग त्याने शांतपणे आपलं म्हणणं मांडलं. येत्या रविवारी पहिल्या पानावर मोठं चित्र हवं. जनरलसाहेब पुलावर उभे, भोवती शिपाई, आणि साहेबांपेक्षा उंच कुणी नको. शुक्रवारपर्यंत द्यायचं. माझ्या नावाने, माझ्या हाताचं. मी विचारलं, आणि भाचा? बघू, म्हणाला.

तू म्हणशील, यात विचार कसला करतोस, काढ. विचार करतच नाही. घरी येऊन चप्पलसुद्धा न काढता पेन्सिल धरली. कचेरीतले लोक माझ्या नावाने थुंकतील. थुंकू देत. पण तो 'बघू' कानातून जात नाही. चित्र दिलं आणि त्याने नुसतंच बघितलं तर?

सोमवारी टिल्लूचं कार्ड आलं. तुलाही आलं असेल, तुला त्याने सगळं छान लिहिलं असेल. मला लिहिलंय: 'मामा, इथले खंदक तुझ्या मापाने खणलेत. मी दिवसभर वाकून चालतो. सवय आहेच. विसरून सरळ झालो की सगळे ओरडतात.' त्याला वाटलं मी हसेन.

ताई, तू त्याला आगीपासून लांब ठेवलं होतंस. मी त्याला उचलून तिथे नेऊन ठेवलं. क्षमा मागायला मला तोंड नाही. काही बोलायचं असेल तर ब्लॉकवाल्यांच्या हाती चिठ्ठी दे, ते परत येताना पुन्हा थांबतील. शिव्या असल्या तरी चालतील.

मी


शुक्रवार, ता. २३

प्रिय ताई,

ब्लॉकवाले काल परत आले. तू पत्र उभ्या उभ्या वाचलंस, घडी घातलीस, त्यांना जेवलात का म्हणून विचारलंस, आणि परतताना ते पुन्हा दारात आले तेव्हा चिठ्ठी दिली नाहीस, असं त्यांनी सांगितलं. रडली का, मी विचारलं. नाही म्हणाले. ते ऐकून मला जास्त भीती वाटली.

हे टपालाने पाठवतोय. आता कुणी वाचलं तरी वाचू दे.

चित्र मी गुरुवारीच देऊन टाकलं, रविवारी छापून आलं, तू बघितलंच असशील. कचेरीत संपादक माझ्याकडे न बघता चांगलं उमटलंय म्हणाले. भूमितीवाल्या गृहस्थांनी शिक्का मारताना चष्मा काढून पुसला. मला त्याचं काही नाही, खरंच काही नाही. लढाईची ही चार वर्षं मी या लोकांच्या मिशा आणि पोटं काढून रोज जेवणापूर्वी देशाला हसवलं, आणि आपण कुणीतरी मोठे आहोत असं मनात धरून चाललो. आता टेबलाशी बसलो तरी ब्रशची रेघ सुद्धा सरळ येत नाही.

आता ऐक. कॅप्टनने शब्द पाळला. सोमवारी मला बोलावून कागद दाखवला. टिल्लूला मुख्यालयात परत पाठवा, असा हुकूम, खाली सही, शिक्का, सगळं. मी तो दोनदा वाचला. मग तो म्हणाला, हुकूम निघालाय, पण पुलाकडचा रस्ता रविवार सकाळपासून बंद आहे. तारही लागत नाही. पोचला की नाही, सांगता येत नाही. हे सांगताना तो खिडकीबाहेर बघत होता. त्या माणसाचा मला इतका राग होता, पण त्या क्षणी तो सुद्धा मला घाबरलेला दिसला.

त्यानंतर मी रोज जातो. रोज तेच उत्तर. आमच्या पानावर रोज येतं, पुलाजवळ परिस्थिती समाधानकारक. हे वाक्य आमच्याकडे छपाईच्या खिळ्यांत जुळवून तयारच ठेवलेलं असतं, ताई. टेकड्या सोडल्या त्या दिवशीही तेच होतं.

कॅप्टन म्हणाला, आईला कळवा, मुलगा परत निघाला म्हणून, तिला धीर येईल. तसं पत्र मी लिहिलं होतं. पाकिटात घालून तिकीटही लावलं. मग तुझ्या वहिनीने ते माझ्या हातातून घेतलं, वाचलं, आणि चुलीत टाकलं. ती म्हणाली, "त्यांना खरं लिहा. निदान एवढं तरी." म्हणून हे लिहितोय. तो निघालेला नाही. निघालेला असेलही. मला माहीत नाही.

रविवारच्या चित्राबद्दल एक सांगायचंय. साहेबांच्या भोवती अकरा शिपाई आहेत, ते नीट बघ. मला दुसरा कुठला चेहरा काढताच आला नाही. अकराही टिल्लूच आहेत. डावीकडचा मिसरूड फुटल्यावरचा, त्याच्या पलीकडचा सातवीत नापास झाला तेव्हाचा, तू त्याला मारलंस आणि मग स्वतःच रडलीस तो. कोपऱ्यातला हसतोय, तो आमच्या स्वयंपाकघरातला. कॅप्टनने चित्र पट्टी लावून तपासलं. साहेबांच्या वर कुणाचं डोकं जाता कामा नये होतं ना, म्हणून अकराही जण मी साडेचार-पाच फुटांचे काढले. जन्मात पहिल्यांदा त्याला बुटका काढला. काढताना मनात साहेब नव्हते. एवढा असता तर खंदकात उभ्याने मावला असता, एवढंच सारखं येत होतं.

काही कळलं तर ते तुला आधी कळेल. तार आईबापांच्या नावाने येते, मामाच्या नावाने येत नाही. म्हणून रोज टपालवाला जिना चढायला लागला की त्याच्या हातात तुझं अक्षर दिसू नये असं वाटतं, आणि पाकिटं चाळून तो पुढच्या दाराकडे गेला की दिसायला हवं होतं असं वाटतं.

माझ्याशी बोलू नकोस. पुन्हा कधी बोलली नाहीस तरी मी विचारायला येणार नाही. पण त्याचं जे काही कळेल, ते मला एका ओळीत कळव. नाव घालू नकोस, मायना घालू नकोस. नुसती ती ओळ.

तू राखी... नाही, तो हक्क सांगत नाही. टिल्लूचा मामा, एवढंच अजून लिहू शकतो.

टिल्लूचा मामा